उलटा कटर

निवृत्त डोंबिवलीकराने काय करावं, याबद्दल समाजाचे काही संकेत ठरलेले आहेत. त्याने सकाळी फिरायला जावं, येताना फडके रोडवरून भाजी आणावी, पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरीशी वाद घालावा आणि उरलेल्या वेळात 'आमच्या वेळी लोकल कशी रिकामी असायची' ही दंतकथा पुढच्या पिढीला सांगावी. त्याने घरी लाकूड कापावं, असं कुठल्याही संकेतात बसत नाही. त्यामुळे मी एक छोटा टेबल-सॉ घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा आमच्या जिन्यात जी शांतता पसरली, तशी मी फक्त वीज गेल्यावरच अनुभवली आहे.

टेबल-सॉ म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक टेबल असतं, त्याला मधोमध फट असते, त्या फटीतून गोल दातेरी पातं अर्धवट वर आलेलं असतं. पातं जागच्या जागी फिरतं आणि लाकूड आपण ढकलायचं. घरगुती करवतीत लाकूड स्थिर आणि आपण घामाघूम, इथे उलट. ज्याच्यावर टेबल-सॉ 'पोर्टेबल' असं छापलेलं असतं त्याचं वजन वीस-पंचवीस किलो भरतं. 'पोर्टेबल' या शब्दाचा अर्थ ज्याने ठरवला, त्याने मशीदबंदरहून डोंबिवलीला संध्याकाळी सहानंतर कधी प्रवास केलेला नसावा.

असो. घ्यायचं म्हटल्यावर सल्ले आले. आपल्याकडे सल्ला मागावा लागत नाही, दार उघडं असलं की पुरे. एकाने मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जायला सांगितलं, दुसऱ्याने ठाण्याचं दुकान सुचवलं, तिसऱ्याने "त्यापेक्षा उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून तयार कपाटच आणा की!" असा मूलभूत विचार मांडला. न्यू जर्सीचा पुतण्या म्हणाला, "काका, मी येताना घेऊन येतो, इथे स्वस्त आहे." तिथली वीज एकशेवीस व्होल्टची, आपली दोनशे तीसची. त्याने आणलेल्या यंत्राने आमच्या घरी एकदाच, पण फार प्रेक्षणीय काम केलं असतं.

पण या सगळ्यांच्या वर एक सल्ला होता. तो दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी दिला, दुकानदाराने दिला, साडूने कल्याणहून फोन करून दिला. "पाव लाखाच्या वर कशाला घालवता? चार-पाच हजारांचा कटर घ्या, प्लायच्या तुकड्याला भोक पाडा आणि कटर खालून उलटा बसवा. झाला टेबल-सॉ! सगळे मिस्त्री तेच करतात."

या सल्ल्याविरुद्ध मी हा लेख लिहितो आहे, आणि जरा रागावूनच लिहितो आहे.

सगळे मिस्त्री तेच करतात, हे अगदी खरं आहे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही नव्या इमारतीत जा. रिकाम्या हॉलमध्ये प्लायचे तक्ते रचलेले असतात. त्यांतल्याच दोन तक्त्यांवर राजस्थानातून नाहीतर उत्तर प्रदेशातून आलेले मिस्त्री रात्री झोपतात. मधोमध ते टेबल. वर पात्याचा अर्धचंद्र, उघडा. कटरबरोबर आलेलं झाकण केव्हाच काढून टाकलेलं किंवा तारेने मागे बांधलेलं. कटरचा खटका दाबूनच ठेवायचा म्हणून त्याच्यावर चिकटपट्टी. चालू-बंद करायचं ते भिंतीवरच्या बटणाने. आता डोंबिवलीत वीज जाते, हे काही मी नव्याने सांगायला नको. वीज गेली की मिस्त्री चहाला जातो, टेबलावर भुसा झाडायला पोऱ्या येतो आणि वीज येते. पातं कोणाला विचारत नाही. चांगल्या टेबल-सॉवर असा स्विच असतो की एकदा वीज गेली की आपण पुन्हा दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. चिकटपट्टीला ही अक्कल नसते.

काही ठिकाणी तर कटरही नसतो, ग्राइंडर असतो. लोखंड घासायचा, मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेणारा. त्याला लाकडाचं दातेरी पातं लावतात. असं पातं लावू नका, हे ग्राइंडरच्या डब्यातल्या पुस्तिकेतच छापलेलं असतं. पण पुस्तिका ही आपल्याकडे वॉरंटीचा शिक्का मारायची जागा समजली जाते.

"पण जरा सावध राहिलं की झालं!" असं आता कोणी म्हणेल. या 'काही होत नाही' संप्रदायाचं हे आद्य वचन आहे. त्याचा हिशेब मी वहीत मांडला. दहा इंची पातं मिनिटाला चार हजार फेरे घेतं, असं धरा. त्याच्या दाताचा वेग ताशी एकशे नव्वद किलोमीटर पडतो. आपली वंदे भारत एकशे साठने जाते आणि आपण पिवळ्या रेषेमागे उभे राहतो. इथे त्याहून वेगवान गाडी दोन इंचांवरून जात असते आणि आपण तिच्याकडे हाताने लाकूड सरकवत असतो. माणसाला काहीतरी बिघडलं हे कळून हात मागे घ्यायला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो. तेवढ्यात पातं तेरा फेरे घेतं. चाळीस दात असतील, तर पाचशेहून जास्त दात जाऊन आलेले असतात. सावधपणा हा फार चांगला गुण आहे, पण तो पाचशे दातांनंतर पोचतो.

शिवाय बोट पात्यात जातं ते माणूस वेंधळेपणाने घालतो म्हणून जातं, हाही एक गैरसमज. पात्याचा आपल्याकडचा भाग खाली जात असतो, मागचा भाग वर येत असतो. लाकूड जरा तिरकं झालं, किंवा कापल्यावर त्याची चीर पुन्हा मिटू लागली, की मागचे दात त्याला पकडतात, उचलतात आणि थेट आपल्या पोटाच्या दिशेने भिरकावतात. ज्या हाताने लाकूड दाबून धरलेलं असतं, त्याच्याखालचं लाकूड एकदम नाहीसं होतं. मग हात कुठे जाणार? वीस वर्षांचा अनुभव असलेला हातही तिथेच जातो.

यावर उपाय आहे, आणि तो इतका साधा आहे की सांगताना संकोच वाटतो. पात्याच्या बरोब्बर मागे, त्याच रेषेत, एक पातळ पोलादी पट्टी उभी करायची. रायव्हिंग नाइफ म्हणतात तिला. ती पात्याबरोबर वर-खाली होते. लाकडात पडलेल्या चिरेत ती शिरते, चीर मिटू देत नाही आणि मागच्या दातांना लाकूड भेटू देत नाही. एवढंच तिचं काम. तिला वीज लागत नाही, तेल लागत नाही. ही काही कालपरवाची फॅशनही नव्हे. ब्रिटनने लाकूडकामाच्या यंत्रांचे नियम केले १९२२ साली, त्यात ती होती. आपल्याकडे १९४८ चा कारखाने कायदा आला, त्याखाली १९६३ साली महाराष्ट्राचे नियम झाले, त्यातही गोल करवतीमागे ही पट्टी हवी, वर झाकण हवं, जवळ लाकूड ढकलायची काठी हवी, असं लिहिलेलं होतं. म्हणजे सरकारला सुचलेलं होतं! पण ते कारखान्यांसाठी. कारखान्यातल्या बोटाला नियम होता. तेच बोट आपल्या हॉलमध्ये टीव्हीचं युनिट करायला आलं, की त्याला विचारणारं कोणी नाही.

बोटांचे दरही सरकारने ठरवलेले होते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होतं. त्यात, पुढच्या दुरुस्त्या धरून, कमाईची शक्ती किती टक्के घटली ते लिहिलेलं: अंगठा तीस, तर्जनी चौदा, मधलं बोट बारा, अनामिका किंवा करंगळी सात. तर्जनीचं एकच पेर गेलं तर नऊ. आमच्याकडे स्वयंपाकघराचे ओटे करायला जो मिस्त्री आला होता, त्याच्या उजव्या तर्जनीचं एक पेर नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, "वो तो पुराना है साब," आणि त्याच बोटाने माप दाखवलं. नऊ टक्के कमी, पण माप अचूक होतं. कोणत्या साइटवर गेलं, त्या घरच्यांनी पुढे काय केलं, हे विचारल्यावर तो नुसता हसला. त्याचं ते हसणं आमच्या सौभाग्यवतींना आवडलं नाही. नंतर चार दिवस त्या त्याला चहाबरोबर दोनाऐवजी चार बिस्किटं देत होत्या.

आपला मध्यमवर्ग तसा चिकित्सक. पाण्याचं फिल्टर घेताना तो किती टप्प्यांचं, हे आपण विचारतो. कुकरला शिटी कुठल्या कंपनीची, हे बघतो. मिस्त्रीचा कोटेशनचा कागद घेऊन प्लाय कुठला, सनमायका किती जाडीचा, बिजागरी मंद मिटणारी की आपटणारी, यावर तास-तासभर घासाघीस करतो. दार हळू मिटावं म्हणून दारामागे शंभर रुपये जास्त मोजतो. पण ते दार कापणाऱ्या पात्यामागे पट्टी आहे का, हे मी एकाही घरमालकाला विचारताना ऐकलेलं नाही.

अमेरिकेत याच्याही पुढची गंमत झाली. स्टीव्ह गॅस नावाच्या पदार्थविज्ञान शिकलेल्या वकिलाने १९९९ साली असं यंत्र शोधलं की कातडीचा स्पर्श झाला की पातं सेकंदाच्या दोनशेव्या भागात थांबतं. प्रात्यक्षिकाला तो बोटाऐवजी हॉटडॉगमधला सॉसेज वापरायचा. सॉसेजवर नुसता ओरखडा! मोठ्या कंपन्यांनी ते घेतलं नाही, म्हणून त्याने सॉस्टॉप नावाची स्वतःची कंपनी काढून २००४ पासून करवती विकल्या. पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये लाकडी जमीन बसवणाऱ्या एका कामगाराचा हात पोर्टेबल टेबल-सॉवर जायबंदी झाला. अशी सोय उपलब्ध असून दिली नाही, म्हणून त्याने कंपनीला कोर्टात खेचलं आणि २०१० साली जूरीने त्याला पंधरा लाख डॉलर द्यायला लावले. आपल्याला ते पंधरा लाख नकोत आणि सॉसेजही नको. आपण एका पट्टीबद्दल बोलतो आहोत.

तेव्हा कोणी घरासाठी घेणारच असेल, तर हॉर्सपॉवर नंतर विचारा. दुकानदार आधी तीच सांगतो, कारण ती डब्यावर मोठ्या अक्षरात असते. आपण म्हणावं, "डबा उघडा." पट्टी दाखवा म्हणावं. पातं खाली घेतल्यावर तीही खाली जाते का, ते बघावं. झाकण बसवून बघावं. जे बसवायला दहा मिनिटं लागतात ते पंधरा दिवसांनी माळ्यावर जातं. मग गाइड. गाइड आणि पातं यांतलं अंतर पुढे मोजायचं आणि मागे मोजायचं. मागे कमी भरलं, तर लाकूड तिथे चिमटणार. ठाण्याच्या एका दुकानात मी खिशातून टेप काढला, तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी सोनाराच्या दुकानात स्वतःची कसोटी घेऊन गेलो आहे. घरात गिझरचा सोळा अँपियरचा प्लग लागेल. सहाचा सॉकेट हे ओझं पेलत नाही. आणि आठ बाय चारचा अख्खा तक्ता घरी आणूच नका. तो लिफ्टमध्ये मावत नाही आणि छोट्या टेबलावर तोलतही नाही. बऱ्याच प्लायवाल्यांकडे मोठी करवत असते, तिथेच मापाने पट्टे काढून घ्यावेत. हे सगळं जमत नसेल, तर साधी हातकरवत आणावी. तिने फार तर फोड येतो.

माझा टेबल-सॉ आता बाल्कनीत आहे, अकरा ते एक या वेळेतच चालतो. पण माझा मुद्दा माझ्या बाल्कनीपुरता नाही. आमची सोसायटी घरात काम काढणाऱ्याकडून अनामत घेते. नियमांचा छापील कागद देते. दोन ते चार ठोकाठोक नको, डेब्रिज जिन्यात नको, मिस्त्रीने लिफ्टमध्ये पानपराग खाऊ नये. वॉचमन प्रत्येकाचं नाव आणि मोबाइल नंबर वहीत लिहितो. माझं म्हणणं, त्याच कागदावर एक ओळ वाढवा: झाकण आणि पट्टी नसलेलं कटरचं टेबल गेटाच्या आत येणार नाही, हवं तर घरमालकाने बरं यंत्र भाड्याने आणून द्यावं.

कमिटीत मी हे मांडलं. सेक्रेटरी म्हणाले, "हे आपल्या अखत्यारीत येतं का, बघावं लागेल." पानपराग अखत्यारीत येतो, हे त्यांना बघावं लागलं नव्हतं. खजिनदार म्हणाले, "मिस्त्री रेट वाढवतील." मी म्हटलं, "किती?" ते म्हणाले, "ते काही सांगता येत नाही." मी परिशिष्टातले दर वाचून दाखवले. अंगठ्याच्या तीस टक्क्यांपाशी एका सभासदाने आपला अंगठा नकळत मुठीत घेतला, हे मी पाहिलं. शेवटी विषय वार्षिक सभेत घ्यायचं ठरलं. कार्यक्रमपत्रिकेत तो सर्वांत खाली आहे, 'आयत्या वेळी येणारे विषय' यात. दरवर्षी तिथपर्यंत पोचण्याआधी सामोसे येतात आणि सभा संपते. यंदा सामोसे आणायचं काम मी मागून घेतलं आहे.