कंपनी तुमची असेल, बोलणं आमचं आहे

हिंजवडी, खराडी, ऐरोली, पवई इथे नोकरी करणाऱ्या आणि उद्या स्वतःची कंपनी काढू पाहणाऱ्या सर्वांसाठी



कार्यालयातल्या चॅटची कंपनी बड्या तंत्रज्ञान कंपनीला विकू नये, किंमत कितीही मोठी आली तरी विकू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ते मांडण्यासाठीच हे पत्रक तुमच्या हातात दिलं आहे.

नोकरीत आपण ईमेल सांभाळून लिहितो, चॅटवर मात्र बोलल्यासारखं लिहितो. रात्री दोन वाजता सर्व्हर का पडला, अमुक ग्राहकाला सवलत का दिली, नव्याने रुजू झालेल्या मुलीला कोणी बसून काम समजावलं, कोणाच्या रजेवरून खटका उडाला, हे सगळं तिथे असतं. पाच-सहा वर्षं चाललेल्या टीमचं खरं दप्तर म्हणजे तिचं चॅट. चॅटची कंपनी विकली की सॉफ्टवेअर तर जातंच, या दप्तराचा ताबाही नव्या मालकाकडे जातो. भाडेकरूंसकट वाडा विकावा तसा हा व्यवहार आहे. वाड्यातल्या भाडेकरूच्या पाठीशी निदान भाडे नियंत्रण कायदा असतो. चॅटवर लिहिणाऱ्याला कोणी विचारतही नाही.

स्लॅकचं उदाहरण घ्या. ते आपल्यापासून फार लांबचंही नाही, स्लॅकचं एक कार्यालय पुण्यातच आहे. स्ट्युअर्ट बटरफिल्ड आणि त्यांचे सहकारी टायनी स्पेक या कंपनीत ग्लिच नावाचा ऑनलाइन खेळ बनवत होते. खेळ चालला नाही, 2012 च्या अखेरीस तो बंद झाला. पण वेगवेगळ्या शहरांत बसून काम करताना आपसांत बोलण्यासाठी त्यांनी जे साधन घडवलं होतं, ते खेळापेक्षा कितीतरी मोलाचं निघालं. 2014 च्या फेब्रुवारीत ते स्लॅक या नावाने सर्वांसाठी खुलं झालं आणि जगभरच्या इंजिनिअरांनी साहेबाच्या परवानगीची वाट न पाहता ते वापरायला घेतलं. 2016 मध्ये मायक्रोसॉफ्ट 800 कोटी डॉलर देऊन स्लॅक घेण्याच्या विचारात असल्याच्या बातम्या आल्या. तो बेत बारगळला. त्याच वर्षी 2 नोव्हेंबरला मायक्रोसॉफ्टने टीम्स हे स्वतःचं चॅट जाहीर केलं, तेव्हा स्लॅकने न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन मायक्रोसॉफ्टला उघड पत्र लिहिलं. आम्हाला त्या जाहिरातीत हिंमत दिसली होती.

बड्या घरात गेल्यावर काय होतं, हे बटरफिल्ड यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? 2005 मध्ये त्यांनी आणि कॅटरिना फेक यांनी फ्लिकर याहूला विकलं होतं. छायाचित्रकारांनी जीव लावलेली ती जागा याहूत मागे पडत गेली आणि 2018 मध्ये स्मगमग या छोट्या कंपनीने ती विकत घेतली. हे सगळं पाहिलेल्या माणसाने 1 डिसेंबर 2020 रोजी स्लॅक सेल्सफोर्स या बड्या कंपनीला विकत असल्याचं जाहीर केलं. किंमत 2,770 कोटी डॉलर, त्या वेळच्या हिशेबाने दोन लाख कोटी रुपयांहून जास्त. 21 जुलै 2021 ला व्यवहार पुरा झाला.

आता एवढी रक्कम ज्याने मोजली, तो ती कोणाकडून वसूल करणार? स्लॅक वापरणाऱ्यांकडूनच. यात सेल्सफोर्सच्या मनाचा दुष्टपणा शोधायची गरज नाही. आपल्या भागधारकांना उत्तर देणारी कोणतीही कंपनी हेच करील, आणि म्हणूनच आमचा आक्षेप खरेदीदाराच्या स्वभावाला नसून विक्रीलाच आहे. पुढे काय झालं ते पाहा. सप्टेंबर 2022 मध्ये मोफत योजनेची मर्यादा बदलली. आधी शेवटचे 10,000 संदेश दिसत, आता फक्त 90 दिवसांचे दिसू लागले. त्याच वेळी पैसे भरणाऱ्यांचे दर वाढले. जानेवारी 2023 मध्ये बटरफिल्ड गेले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत त्यांच्या खुर्चीत दुसरी, मग तिसरी व्यक्ती आली. 2024 च्या ऑगस्टपासून मोफत योजनेतले वर्षापेक्षा जुने संदेश कायमचे पुसायला सुरुवात झाली. मे 2025 मध्ये एपीआयच्या अटी बदलल्या: आपल्याच कार्यालयाचे संदेश दुसऱ्या कंपनीच्या शोध-साधनाला मोठ्या प्रमाणावर उचलून साठवता येणार नाहीत. लिहिलं कोणी, आणि कोणाला वाचू द्यायचं हे ठरवतंय कोण?

हॅक क्लबचं प्रकरण आम्हाला सर्वांत जास्त लागलं. ही शाळकरी वयाच्या मुलांना प्रोग्रॅमिंगची गोडी लावणारी अमेरिकेतली ना-नफा संस्था. सुमारे अकरा वर्षं तिची सगळी वस्ती स्लॅकवर. मुलांनी तिथेच एकमेकांना कोड शिकवला, तिथेच मैत्री केली. सप्टेंबर 2025 मध्ये संस्थेने जाहीरपणे सांगितलं की वर्षाला सुमारे 5,000 डॉलर भरत असताना अचानक आठवड्याभरात 50,000 आणि पुढे दरवर्षी 2,00,000 डॉलर भरायला सांगण्यात आलं, नाहीतर खातं बंद. गवगवा झाला, मग कंपनीने माघार घेतली. ती माघार घेतली याचा आनंद आहेच. पण ज्या संस्थेचा आवाज अमेरिकेत पोहोचत नाही, तिच्यासाठी कोण गवगवा करणार? सोलापूरच्या एखाद्या स्वयंसेवी संस्थेला असा निरोप आला, तर ती आठवड्याभरात कुठे जाणार?

स्लॅकलाही आम्ही सोडत नाही. 2018 च्या जुलैत हिपचॅट हे प्रतिस्पर्धी साधन अ‍ॅटलासियनकडून स्लॅकने घेतलं ते चालवायला नव्हे. 15 फेब्रुवारी 2019 ला हिपचॅट बंद पडलं आणि तिथे वर्षानुवर्षं बोलणाऱ्या टीम्सना बिऱ्हाड हलवावं लागलं. विकणारा आणि घेणारा दोघेही खूश, आणि मधल्या मध्ये वापरणाऱ्यांची धावपळ.

विक्रीच्या दिवशी मिळणाऱ्या आश्वासनांवर विश्वास ठेवावा का? व्हॉट्सअ‍ॅप तर आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. 2014 मध्ये फेसबुकने ते घेतलं, तेव्हा वापरणाऱ्यांसाठी काही बदलणार नाही असं सांगितलं गेलं. युरोपीय आयोगाला फेसबुकने कळवलं होतं की दोन्हीकडची खाती आपोआप जुळवणं शक्य नाही. 2016 च्या ऑगस्टमध्ये नेमकी तशीच जुळवणी करणारं धोरण आलं. चुकीची माहिती दिल्याबद्दल 2017 मध्ये फेसबुकला 11 कोटी युरोचा दंड झाला. भारतात स्पर्धा आयोगाने व्हॉट्सअ‍ॅपच्या 2021 च्या धोरणावरून मेटाला (म्हणजे फेसबुकलाच) 213.14 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो नोव्हेंबर 2024 मध्ये. तोवर आपली सगळी गावं, सगळे ग्रुप तिथेच बांधले गेले होते.

समोरून एक प्रश्न येतो आणि तो खरा आहे: स्लॅकपुढे दुसरा मार्ग होता का? जानेवारी 2020 मध्ये संपलेल्या वर्षात स्लॅकचं उत्पन्न 63 कोटी डॉलर होतं आणि तोटा 57 कोटींचा. समोर टीम्स ऑफिसच्या पॅकेजमध्येच घातलेलं, वेगळे पैसे नाहीत. ऑक्टोबर 2020 मध्ये मायक्रोसॉफ्टने टीम्सचे रोजचे वापरकर्ते 11.5 कोटी असल्याचं सांगितलं. अशा स्पर्धेत दम लागतो हे आम्ही मान्य करतो. पण उत्पन्न वर्षाला निम्म्याहून अधिक वाढत होतं. त्या तोट्याचा मोठा भाग शेअर बाजारात उतरण्याच्या वर्षी कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअर्सच्या हिशेबाचा होता. कर्मचाऱ्यांच्या कष्टाचे पैसे त्यांना मिळाले पाहिजेत, याबद्दल आमचं दुमत नाही. पण 20 जून 2019 पासून स्लॅकचा शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात होता, तो तिथे विकता येत होता. आणि संस्थापक व जुन्या गुंतवणूकदारांच्या शेअर्सना दहापट मतं होती. नाही म्हणायची ताकद त्यांच्या हातात होती. त्यांनी ती वापरली नाही.

खरी चूक मात्र आणखी एका ठिकाणी झाली. जुलै 2020 मध्ये स्लॅकने युरोपीय आयोगाकडे तक्रार केली की मायक्रोसॉफ्ट टीम्स गळ्यात मारतं. औपचारिक चौकशी सुरू व्हायला जुलै 2023 उजाडला. मायक्रोसॉफ्टकडून बंधनकारक हमी घेऊन प्रकरण मिटलं सप्टेंबर 2025 मध्ये. तक्रारीनंतर पाच महिन्यांच्या आत तक्रारदार विकला गेला होता! न्याय पाच वर्षांनी मिळणार असेल, तर छोट्या कंपनीला विक्री हाच सुटकेचा मार्ग वाटणार. आपल्याकडे सप्टेंबर 2024 पासून 2,000 कोटी रुपयांवरचे आणि भारतात ठोस व्यवसाय असलेले व्यवहार स्पर्धा आयोगाकडे न्यावे लागतात. चांगली तरतूद आहे. आयोगाने अशा प्रत्येक चॅट व्यवहारात एक अट घालावी अशी आमची मागणी आहे: वापरणाऱ्यांचे सगळे संदेश, खासगी चॅनेल्ससह, कोणत्याही योजनेत, विनाशुल्क आणि दुसरीकडे वापरता येईल अशा रूपात बाहेर काढता आले पाहिजेत. आणि पॅकेजात घुसडलेल्या मालाविरुद्धच्या तक्रारीचा निकाल महिन्यांत लागला पाहिजे, वर्षांत नव्हे.

संस्थापकहो, न विकता टिकता येतं. झोहो 1996 पासून बाहेरचं भांडवल न घेता उभी आहे आणि तिचं क्लिक हे चॅट चालू आहे. झुलिपचं उदाहरण तर आणखी बोलकं. ही छोटी चॅट कंपनी 2014 मध्ये ड्रॉपबॉक्सने घेतली. तिचा कोड 2015 मध्ये मुक्त परवान्याखाली खुला झाला आणि मूळच्या संस्थापकांपैकी टिम अ‍ॅबट यांनी तो पुन्हा स्वतंत्रपणे पुढे नेला. झुलिप उद्या कोणी विकत घेतलं तरी कोड प्रत्येकाच्या हातात राहील, स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येईल. गुंतवणूकदाराकडे जाण्याआधी हे ठरवून टाका. पाच-सात वर्षांत कंपनी विकून पैसे परत मागणारं भांडवल एकदा घेतलंत, की पुढची सही तुमची असली तरी निर्णय तुमचा राहत नाही.

आणि नोकरी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, येत्या सोमवारी तुमच्या अ‍ॅडमिनला विचारा: आपली योजना कोणती, जुने संदेश किती दिवस टिकतात, बाहेर काय काढता येतं? स्लॅकच्या स्वस्त योजनांत सहसा फक्त सार्वजनिक चॅनेल्सचेच संदेश काढता येतात, तेव्हा महत्त्वाचे निर्णय खासगी चॅनेलमध्ये अडकवून ठेवू नका. कंत्राट नव्याने करायची वेळ आली की मालकी बदलल्यास दर आणि अटी किमान वर्षभर तशाच राहतील, असं कलम लिहून घ्यायला सांगा. झुलिप आणि मॅटरमोस्ट या दोन्हींत स्लॅकमधून काढलेली फाइल आत घेता येते. एखाद्या छोट्या टीमच्या चॅनेलवर हे याच महिन्यात करून पाहा, आणि किती वेळ लागला, काय हरवलं, ते लिहून ठेवा.