तिसरी तार वाचवू नका

नवे घर आशीर्वादित करण्यास आम्ही आनंदाने जातो. भिंती रंगवलेल्या असतात. पण सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची तारच नसते. ही काटकसर नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फ्यूज किंवा एमसीबी तारेला जपतो, माणसाला नव्हे. ओल्या हाताने पंपाला शिवताच अंगातून गेलेला थोडका प्रवाहही जीव घेतो. तेवढ्याने फ्यूज वितळत नाही. म्हणून अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, दोन्ही बसवावेत. सॉकेटमध्ये न्यूट्रललाच अर्थिंग म्हणून जोडू नये. फ्यूजमध्ये जाड तार घालू नये. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

बंधुभगिनींनो, पाचवी आज्ञा केवळ खुनापुरती नाही. घरच्यांचा जीव सांभाळणेही तिच्यातच येते.