गंजलेली गाडी आणि वाढविलेली उंची

घोलवडास आमच्या कनिष्ठ बंधूंची चिकूची वाडी आहे. गेल्या श्रावणांत आम्ही तेथें गेलों, तों घरांत एक वाद माजलेला आढळला. वादाचें कारण अंगणांत उभें होतें. माल वाहणारी ती जुनी पिकप गाडी. दरवाजांच्या खालच्या कडा सुटूं लागलेल्या आणि हौद्याच्या तळांतून एके ठिकाणीं चक्क जमीन दिसणारी.

पुतण्याचें म्हणणें असें कीं, तलासरीकडील पाड्यांवरून भाजीपाला आणावयाचा तर पावसाळ्यांतील त्या वाटांवर गाडीचें पोट दगडांस घासतें. सबब गाडी चार इंच उंच करावी, आणि गंजलेल्या जागीं पुट्टी भरून वर रंग द्यावा, म्हणजे योग्यतेच्या तपासणींतूनही ती निभावून जाईल. बंधूंचें मत, गाडी भंगारांत द्यावी. वहिनीबाईंस खर्चाची चिंता. शेवटीं बंधु म्हणाले, "दादा, आतां तुम्हीच निवाडा करा." चाळीस वर्षें मुलांस शिकविणाऱ्या मनुष्यास यंत्रांतलें काय कळणार? तथापि विचारपूस करून जें समजलें, तें वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून येथें देतों.

प्रथम गंजाविषयीं. लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु यांच्या संयोगानें गंज उत्पन्न होतो. मीठ त्या पाण्यास विद्युद्वाहक करतें व ओलावा धरून ठेवतें. म्हणून डहाणू-बोर्डीच्या खाऱ्या वाऱ्यांत हें कार्य झपाट्यानें चालतें. त्यांत गळलेल्या फळांचा रस आणि चाकांवरील खोबणींत साचलेला चिखल यांची भर. गंज हा मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. म्हणूनच रंगाखालीं प्रथम फोड येतो. तो फोड दिसला कीं, आंत बरेंच घडून गेलेलें असतें असें समजावें. मेहरोलीचा संस्कृत लेख मिरविणारा लोहस्तंभ सुमारें १६०० वर्षें टिकला, तो त्यांतील स्फुरदाच्या विशेष प्रमाणामुळें बनलेल्या संरक्षक थरानें. आपल्या गाडीच्या पत्र्यास तें भाग्य नाहीं.

पुट्टीनें खळगा भरतो, बळ येत नाहीं. आणि पुट्टीमागें ओल राहिली तर गंज निर्वेधपणें वाढतो. खरा उपाय कष्टाचा आहे. गाडी गोड्या पाण्यानें धुऊन पुरती वाळवावी. संशयित जागा पेचकसानें टोंचून पाहावी; टोंक आंत शिरलें कीं तो पत्रा गेला. निकोप धातु लागेपर्यंत तो कापून त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्डिंगनें बसवावा. तत्पूर्वीं बॅटरीच्या तारा सोडाव्या व इंधनाची टाकी सुरक्षित करावी. मग प्राइमर, त्यावर लागलीच तर पातळ पुट्टी, शेवटीं रंग. दरवाजांच्या तळचीं पाणी जाण्याचीं भोकें मात्र बुजवूं नयेत. सांगाडाच गंजला असेल, तर ठिगळाचा मोह सोडून जाणत्याचा निर्णय घ्यावा.

आतां उंचीविषयीं. गाडीचा तोल चाकांमधील रुंदी व गुरुत्वमध्याची उंची यांवर अवलंबून असतो. उंची वाढली, रुंदी तेवढीच राहिली, तर वळणावर उलटण्याचा धोका वाढतो. त्यांतून भरलेल्या क्रेटांचा ढीग आधींच उंच. ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात, मागील चाकांकडे शक्ति नेणाऱ्या दांड्याचा कोन बिघडून सांधे लवकर झिजतात. कायदाही अनुकूल नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ चा अर्थ लावतांना सर्वोच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०१९ रोजीं स्पष्ट केलें कीं, निर्मात्यानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार वाहनांत करतां येत नाहीं. अपघात झाल्यास विम्याचाही प्रश्न उपस्थित होतो. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीस योग्यतेचा दाखला तर दरवर्षीं घ्यावा लागतो; तेथें लपवालपवी किती दिवस पुरणार?

कारागीरानें गाडीखालीं शिरून पाहिलें, तेव्हां निराळीच गोष्ट कळली. गाडी मुळांत ठेंगणी नव्हती, ती बसली होती. वर्षानुवर्षें अतिभार वाहून पाट्यांची कमान सपाट झाली होती. मूळ मापाचे नवे पाटे घातल्यास तिची स्वतःची उंची तिला परत मिळणार होती.

इतक्यांत चालकाच्या पायांखालचा रबरी गालिचा उचलला गेला. खालीं पत्रा नव्हताच. एक फळी टाकलेली होती. चालक तलासरीकडील, वाडीवर वीस वर्षांचा जुना माणूस. तो मान खालीं घालून म्हणाला, "गुरुजी, बोललों असतों तर गाडी विकली असती. मग मीं काय चालवावें?" क्षणभर कोणी बोललें नाहीं. ज्या गाडीच्या खर्चाचा वाद आम्ही ओसरीवर बसून घालीत होतों, तिच्यांत दररोज तो माणूस फळीवर पाय ठेवून घाटवळणें उतरत होता.

निवाडा मग आमच्याकडून निराळा मागावा लागला नाहीं. पुतण्यानेंच पुट्टीचा विषय सोडला. पत्रा कापून नवा घातला, पाटे बदलले, उंची वाढविण्याचा बेत रद्द झाला. अतिवाईट वाटांच्या पाड्यांवरून माल डांबरी रस्त्यापर्यंत बैलगाडीनें आणावा असें ठरलें. सांगाडा सुदैवानें शाबूत निघाला. बंधूंनीं चालकास सर्वांसमक्ष सांगितलें कीं, गाडी राहो वा जावो, तुझें काम राहील.

वाचकहो, घरांतील पुष्कळ गोष्टी अशाच फळीनें झांकलेल्या असतात. झांकणारा लबाड असतोच असें नाहीं. बहुधा तो भ्यालेला असतो. म्हणून पावसाळा संपतांच गाडीचा गालिचा उचलून पाहावा, आणि तो उचलण्यापूर्वीं, खरें सांगणाऱ्याचें नुकसान होणार नाहीं एवढें अभय घरांत अगोदर देऊन ठेवावें.