विजेने ब्लूज बाटला नाही

खरा ब्लूज मिसिसिपीच्या डेल्टातला, साध्या लाकडी गिटारीवरचा; शिकागोत तिला वीज जोडली आणि तो बाटला, असं सोवळे रसिक अजून म्हणतात. त्यांचा रोख असतो शिकागोच्या मडी वॉटर्स या गायक-गिटारवादकावर. १९५८ साली तो पियानोवादक ओटिस स्पॅनसह इंग्लंडला गेला, तेव्हा त्याच्या इलेक्ट्रिक गिटारीने तिथल्या काही समीक्षकांचे कान किटले. त्याआधी येऊन गेलेला बिग बिल ब्रून्झी साध्या गिटारीवर गायचा, म्हणून तो अस्सल. शिकागोत तोही बँड घेऊन रेकॉर्ड करायचा, हे सोयीस्करपणे विसरलं गेलं.

वाद घालण्यापेक्षा दोन ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकावीत. १९४१ मध्ये लोकगीतांचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क डेल्टातल्या क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर गाणी ध्वनिमुद्रित करायला गेले. तिथे ट्रॅक्टर चालवणाऱ्या मडीने त्यांच्यासमोर ‘आय बीज ट्रबल्ड’ गायलं. १९४३ मध्ये त्याने शिकागो गाठलं, आणि १९४८ मध्ये तेच गाणं ‘आय कान्ट बी सॅटिस्फाइड’ म्हणून अ‍ॅरिस्टोक्रॅट कंपनीसाठी रेकॉर्ड केलं. वळण तेच. करंगळीतली नळी तारेवरून घसरते, दोन सुरांच्या मधे रेंगाळते, ती मींडही तीच. भर पडली ती बिग क्रॉफर्डच्या डबल बासची आणि विजेची. लाकडी गिटारीत पटकन विरणारी स्वराची थरथर विजेमुळे शेवटपर्यंत कानावर येते. यात डेल्टा कमी झाला कुठे?

शिवाय वीज ही चैन नव्हती. गुत्त्यातल्या गलक्यात साधी गिटार ऐकूच जात नसे. आणि ही रेकॉर्ड हातोहात घेणाऱ्यांत दक्षिणेतून शिकागोला आलेले कृष्णवर्णीय कामगारच होते. डेल्टा म्हणजे काय, हे त्यांना लंडनच्या समीक्षकाने सांगायची गरज नव्हती.

एक गोष्ट सोवळ्यांना द्यायला हवी: मडीची १९६८ ची ‘इलेक्ट्रिक मड’ ही रेकॉर्ड फसली. ती खुद्द मडीलाही आवडली नव्हती. पण तिच्यात गिटार वाजवणारे दुसरेच, मडी फक्त गातो. तेव्हा दोष विजेच्या माथी कशाला? साधी गिटारही त्याला वर्ज्य नव्हती. १९६४ च्या ‘फोक सिंगर’ या रेकॉर्डमध्ये ती बडी गायच्या साथीने निवांत वाजते.

गंमत पुढेच आहे. पहिल्या खेपेची टीका ध्यानात ठेवून १९६३ साली मडी इंग्लंडमध्ये साधी गिटार घेऊन उभा राहिला, तर आता लोकांना इलेक्ट्रिकच हवी होती! त्याच्या १९५० च्या एका गाण्यावरून नाव घेतलेले रोलिंग स्टोन्स तोवर लंडनमध्ये विजेवर वाजवू लागले होते.