अर्धं तिकीट, पूर्ण प्लेट

एस. टी. महामंडळ आणि आमच्या शहरांतली फॅमिली रेस्टॉरंट्स, या दोघांत माणुसकी जास्त कुणाकडे, असा प्रश्न उद्या परीक्षेत आला तर मी डोळे मिटून एस. टी. असं उत्तर लिहीन. लक्षात घ्या, हे उत्तर एस. टी.च्या भाटाचं नव्हे. माझी नोकरी जळगावला आणि सासुरवाडी धुळ्याला. मध्ये एरंडोल, पारोळा आणि नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. या रस्त्यावर मी पाठीचा एकेक मणका स्वतंत्रपणे ओळखायला शिकलो आहे. तरीही सांगतो, की एस. टी.ला एक गोष्ट कळते. माणसं लहान-मोठी असतात, ही.

पाच ते बारा वयाच्या पोराला एस. टी. अर्धं तिकीट देते. २०२२ पासून पंच्याहत्तरी गाठलेल्यांना ती फुकट नेते आणि २०२३ पासून बायकांना निम्म्या भाड्यात. त्यामुळे आमची वरात धुळ्याला निघाली की हिशोब असा होतो : आई फुकट, ही अर्धी, थोरला अर्धा, धाकटी अर्धी. सगळ्या कुटुंबात पूर्ण तिकिटाचा इसम मी एकटा. कंडक्टर माझ्याकडे 'चला, एक तरी सापडला' अशा नजरेनं बघतो.

आता हेच कुटुंब धुळ्यात उतरून रेस्टॉरंटात शिरू द्या. दारातून आत पाऊल टाकताक्षणी आम्ही पाचही जण पूर्ण होतो! सहा वर्षांची धाकटी आणि शहाण्णव किलो वजनाचे माझे मेहुणे, दोघांसाठी भाजीची प्लेट एकच. दरही एकच. धाकटीला त्यातली जेमतेम दीड चमचा लागते. मेहुण्यांचा हिशोब इथे देत नाही, कारण सासरी हा लेख वाचला जातो.

वेटरशी होणारा संवाद मला आता पाठ झाला आहे.

"हाफ प्लेट मिळेल का?"

"हाफ नाही साहेब, फुल मिळेल."

"पण मुलगी लहान आहे हो."

"मग फुल घ्या ना साहेब, पुरून उरेल."

पुरून उरणं हा आमच्या मराठीत शत्रूबाबतचा वाक्प्रचार आहे. तो पनीरच्या भाजीला लावलेला मी प्रथम फॅमिली रेस्टॉरंटातच ऐकला.

आता मला सांगा, अर्धं करणं ही काय इतकी अवघड विद्या आहे? टपरीवाला कटिंग चहा देतो. रसवंतीवाला 'फुल की हाफ?' विचारून मगच चरकाला हात घालतो. यांच्यातलं कुणी कॅटरिंग कॉलेजात गेलेलं नाही. फार कशाला, हॉटेलच्या बिलातला जीएसटी बघा : अडीच टक्के केंद्राचा, अडीच टक्के राज्याचा. म्हणजे निम्मं-निम्मं करणं आपल्या सरकारलासुद्धा जमतं! ते फक्त त्या भाजीला जमत नाही, जिच्यावर तो कर लागतो.

मुळात 'फॅमिली' हा शब्द या पाटीवर आला कसा? पूर्वी हॉटेलात 'फॅमिली रूम' असे. तिला पडदा असे. बायकामाणसांनी इथे बसलं तर चालेल, एवढाच त्याचा अर्थ. पुढे पडदा गेला, रूम गेली, शब्द तेवढा राहिला. आता तर महामार्गावर 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार' अशाही पाट्या दिसतात. महाराष्ट्रात कडक दारूला वयाची अट पंचवीस वर्षांची आहे. म्हणजे वय नावाची काही चीज असते, हे हॉटेलवाल्याला ठाऊक आहे. मात्र ते त्याला वरच्या टोकाला आठवतं, खालच्या टोकाला नाही.

खालच्या टोकाचा विचार म्हणून मेनूकार्डात फार तर 'किड्स स्पेशल' असा एक चौकोन असतो. त्यात फ्रेंच फ्राइज आणि नूडल्स. खान्देशातल्या पोराला भूक लागली की त्यानं एकदम परदेशात जावं, अशी ही व्यवस्था. मऊ वरणभात, तूप, लिंबू? "वरण नाही साहेब, दाल फ्राय. लसणाचा तडका मारून."

आणि मग तिखट. शेवभाजीबद्दल वाईट बोलणारा माणूस जळगावात राहू शकत नाही, आणि मला तर इथेच निवृत्त व्हायचं आहे. काळ्या मसाल्याच्या रश्श्यावर तर्री तरंगते आहे आणि त्यात जाडी शेव पोहते आहे, हे दृश्य बघून मीही पाघळतो. पण "मुलांसाठी कमी तिखट करा" म्हटलं की आचाऱ्याच्या घराण्याची अब्रू पणाला लागते. "तिखं नही शे, भाऊ!" असं अहिराणीत छातीवर हात ठेवून सांगितलं जातं आणि पहिल्या घासाला धाकटीच्या डोळ्यांतून तापी-गिरणेचा संगम वाहू लागतो. मग ही काय करते? पाण्याच्या ग्लासात एकेक शेव धुते आणि तिच्या हातावर ठेवते. शेवभाजीतली शेव धुवायला लावणाऱ्या संस्कृतीला मी काय म्हणावं?

मालक मंडळींची बाजूही मी ऐकलेली आहे. ते म्हणतात, पोर खुर्ची तर अख्खी अडवतं ना? अडवतं. पण एस. टी. अर्ध्या तिकिटाला सीट अख्खीच देते. ते म्हणतात, अर्ध्या प्लेटलाही गॅस आणि आचारी तेवढाच लागतो. मी कॉमर्सचा पदवीधर आहे, कॉस्टिंगच्या पेपरला बसलेला आहे. रस्सा सकाळीच पातेलंभर झालेला असतो. त्यातला एक डाव काढायचा की दोन, यानं आचाऱ्याच्या पगारात फरक पडत नाही. हवं तर अर्ध्या प्लेटला साठ टक्के दर लावा. मी तक्रार करणार नाही. शिवाय पोरांचं कुटुंब संध्याकाळी सातला येतं, कारण नऊला पोरं झोपतात. सातला तुमची टेबलं रिकामी असतात आणि पंखे आपापल्यात गप्पा मारत असतात. रिकाम्या खुर्चीचं उत्पन्न शून्य. शून्यापेक्षा अर्धा मोठा असतो, एवढं गणित तर चौथीच्या पुस्तकातही आहे.

दुसरी बाजू शेजारच्या टेबलावरची. "एवढी लहान मुलं आहेत तर बाहेर आणता कशाला?" अहो, मग माणूस शिकणार कुठे? रिझर्व्ह बँकेनं २०१४ साली दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवण्याची मुभा दिली. माझ्या काउंटरवर ही चिमुरडी माणसं येतात, टाचा उंचावून स्लिप भरतात आणि पुष्कळ मोठ्यांपेक्षा नीट रांगेत उभी राहतात. कारण तिथं त्यांना गिऱ्हाईक म्हणून वागवलं जातं. ज्याला पाऊण तास उपाशी बसवलं आणि मग तोंड पोळणारं ताट समोर ठेवलं, तो रडणारच. मीही रडेन. मला वयामुळे ते शोभत नाही, इतकंच.

पण खरी गोष्ट विनोदाची नाही. त्या फुल प्लेटमधलं उरलेलं कुठं जातं, हे कधी बघितलंय? ते आईच्या ताटात जातं. आठवड्याचे सहा दिवस सकाळ-संध्याकाळ शेगडीपाशी उभी राहणारी बाई सातव्या दिवशी म्हणते, 'आज बाहेर जेवू.' तिला एक दिवस गरम, आयतं आणि स्वतःच्या आवडीचं खायचं असतं. प्रत्यक्षात ती शेव धुते, एकाचं तोंड पुसते, दुसऱ्याचं सांडलेलं उचलते आणि शेवटी, "पैसे मोजलेत, टाकायचं कशाला," म्हणून पोरांची गार झालेली भाजी संपवते. तिनं स्वतःसाठी मागवलेली पोळी तोवर पापड झालेली असते. हॉटेलनं न दिलेली अर्धी प्लेट अशी दरवेळी तिच्या नावे पडते. बिलात मात्र तिची कुठेही नोंद नसते. म्हणूनच पुष्कळ बायका तिसऱ्या-चौथ्या वेळी म्हणतात, "नको बाई, त्यापेक्षा घरीच खिचडी टाकते." आपण नवरे समजतो, बायको काटकसरी आहे.

आणि हे सारं आमच्या खान्देशात व्हावं! आमच्याकडे गावजेवणात पोरांची पंगत पहिली बसायची. वाढपी वाकून विचारायचा, 'बाळा, भात घालू का?' थंडीत शेतात भरिताची पार्टी होते, तेव्हा पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून ठेचली जातात. मिरची पडण्याआधी कुणीतरी म्हातारी हात मध्ये घालते. "थांबा, पोरांचं बाजूला काढू द्या." तिथं मेनूकार्ड नसतं, ए. सी. नसतो आणि पाटीही नसते. फॅमिली मात्र असते.

तेव्हा जळगाव आणि धुळ्याच्या हॉटेलमालकांकडे माझं मागणं तीन कलमी आहे. एक, बारा वर्षांखालच्याला अर्धी प्लेट. दोन, मिरची पडण्याआधी बाजूला काढलेलं काहीतरी, आणि ते टेबलावर सगळ्यांत आधी. तीन, हात धुण्याच्या बेसिनपाशी एक पाट. पोराला काखेत धरून नळाखाली झुलवण्याची कसरत या वयात माझ्या कमरेला झेपत नाही. यातल्या एकाही गोष्टीला बँकेचं कर्ज लागत नाही. लागलं तर अर्ज माझ्याकडे द्या.

हे जमणार नसेल, तर पाटीवरचा 'फॅमिली' हा शब्द पुसून टाका. 'पूर्ण वाढ झालेल्यांसाठी' असं लिहा, म्हणजे आम्हाला बाहेरूनच कळेल. रंगाऱ्याचा खर्च हवा तर मी देतो.

अर्धा.