व्याज राजीखुशीने ठरत नाही

‘देणाऱ्याचा पैसा, घेणाऱ्याची गरज. दर दोघांनी राजीखुशीने ठरवला, मग सरकारने मध्ये का पडावे?’ हिंगोली जिल्ह्यात असे म्हणणारे सगळेच सावकार नसतात. शिकलीसवरलेली माणसेही सांगतात की व्याजाला कायद्याने आळा घातला की पैसा आटतो आणि गरजवंतच उघडा पडतो.

मला हे म्हणणे मुळातच मान्य नाही. पाऊस पडून वाफसा आला की पेरणीला हातात मोजके दिवस उरतात. त्या दिवसांत सोयाबीनच्या बियाण्यासाठी दारात आलेला माणूस दराची घासाघीस करू शकत नाही आणि देणाऱ्याला ते पक्के ठाऊक असते. अशा वेळी मिळालेल्या होकाराला राजीखुशी म्हणणे हा त्या शेतकऱ्यावर अन्याय आहे.

शिवाय दर मोकळे सोडून पाहिलेले आहेत. १८५५ साली इंग्रज सरकारने व्याजाची मर्यादा काढून टाकली. वीस वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. कापसाचे भाव पडले होते, साराही वाढला होता, हे खरे; पण रोष निघाला तो दस्तांवर. १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. हिंगोली तेव्हा निजामाकडे होती. त्या राजवटीनेही १३४९ फसलीत, म्हणजे १९४०च्या सुमारास, सावकारी कायदा केलाच. तेव्हा सावकारीवरचा अंकुश ही आजची लहर नव्हे.

आजचा कायदा म्हणजे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४. त्याखाली त्याच वर्षी सप्टेंबरात दर जाहीर झाले. शेतकऱ्याला तारण कर्जावर साल शेकडा ९, विनातारण १२. इतरांना १५ आणि १८. व्याज सरळ, चक्रवाढ नाही. आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. हा आपला जुना दामदुपटीचा नियम.

आता गावचा हिशेब मांडू. पन्नास हजार रुपये, ‘पाच टक्क्याने’. इथे टक्का महिन्याचा असतो, तो वर्षाचा धरला की साठ होतो. महिन्याला अडीच हजार गेले, तीन वर्षांत ९० हजार गेले आणि मुद्दल जागच्या जागी. कायद्याच्या विनातारण दराने तीन वर्षांचे व्याज होते १८ हजार. मुद्दल धरून ६८ हजार. म्हणजे ज्याला आपण अजून पन्नास हजारांचा देणेकरी म्हणतो, त्याने २२ हजार जास्तीचे दिलेले असतात.

यावर एक आक्षेप जोरकस आहे. बेकायदा सावकार दर लिहितच नाही. कोरा चेक घेतो, नाहीतर थेट खरेदीखत करून घेतो. खरे आहे. खतावर ‘पूर्ण रक्कम पोचली’ असे असते आणि ‘पैसे फेडले की जमीन परत’ ही बोली तोंडीच राहते. पण सातबाऱ्यावर सावकाराचे नाव लागूनही शेतात वखर जुन्या मालकाचाच चालत असेल, तर ती विक्री कसली? नेमक्या अशाच व्यवहारांसाठी या कायद्याने जिल्हा उपनिबंधकाला चौकशीचे अधिकार दिले आहेत. तक्रारीच्या आधीच्या पंधरा वर्षांतली, सावकारीच्या ओघात गेलेली जमीन तो परत देववू शकतो. परवाना नसलेल्याला न्यायालयातून वसुली मिळत नाही, उलट पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चोर लपून चोरी करतो म्हणून चोरीचा कायदा कोणी रद्द करत नाही.

पैसा आटतो म्हणणाऱ्यांनी बँकेकडे बोट दाखवावे. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर बिनव्याजी पडते. पण एकदा थकबाकीत गेलेल्याला नवे मिळणे कठीण. जिल्हा होऊन १९९९ पासून इतकी वर्षे झाली, तरी मध्यवर्ती सहकारी बँक परभणीचीच आहे. त्यावर उपाय कर्जपुरवठा वाढवणे हा आहे, सावकाराला मोकळे रान देणे हा नव्हे.

माझी या कायद्याबद्दलची तक्रार उलटी आहे. तो पुरेसा लांब पोचत नाही. गावोगाव बायकांचे गट करून हप्ते गोळा करणाऱ्या वित्त कंपन्या त्याच्या कक्षेबाहेर आहेत. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून सूक्ष्मकर्जांवरची दरमर्यादा काढली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने, रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असा निर्णय केरळच्या प्रकरणात दिला. दिल्लीने सूक्ष्मकर्जांवरची ही दरमर्यादा पुन्हा घातलीच पाहिजे. राज्याने निदान ९, १२, १५, १८ हे आकडे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि बाजार समितीच्या भिंतीवर रंगवावेत.

आणि सावकाराकडे ज्यांचे हप्ते चालू आहेत त्यांना सांगणे एवढेच: दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागा, महिन्याचा टक्का बाराने गुणा, आणि आकडा कायद्याच्या दरापेक्षा जास्त निघाला तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या.