मधुमेह आणि पायांची निगा

मधुमेहाचें नांव निघालें म्हणजे आपल्या घरांत प्रथम चर्चा होते ती पथ्याची. भात किती खावा, आंबा चालेल कीं नाहीं, कारल्याचा रस कितपत गुण देतो, यांवर प्रत्येकाचें कांहींना कांहीं मत असतेंच. साखर मोजण्याचें यंत्रहि आतां पुष्कळ घरीं आलें आहे. परंतु त्या रोग्याचा तळपाय शेवटीं कोणीं व केव्हां पाहिला, असें विचारलें तर उत्तर मिळत नाहीं. सणावारीं आपण त्याच पायांवर डोकें ठेवितों. तळव्याकडे मात्र कोणाची दृष्टि जात नाहीं.

रक्तांतील साखर वर्षानुवर्षें वाढलेली राहिली म्हणजे पायांतील ज्ञानतंतु क्षीण होतात. मग खडा रुतला किंवा चपलेचा खिळा लागला तरी कळत नाहीं. चरकसंहितेंत प्रमेहाच्या पूर्वरूपांत हातापायांची सुप्तता व दाह हीं लक्षणें सांगितलीं आहेत. त्यांतील 'सुप्तता' हा शब्द मला मोठा समर्पक वाटतो. वेदना जागी नसली म्हणजे मनुष्य जखमेवरच चालत राहतो, आणि रक्तपुरवठाहि मंदावला असेल तर ती जखम चिघळते. मधुमेहामुळें पाय कापावा लागलेल्या शंभरांपैकीं सुमारें ८५ जणांस आधीं पायावर क्षत पडलेलें असतें. म्हणजे बहुतेकांच्या बाबतींत वेळ हातीं होती. "दुखत नाहीं, मग एवढें काय त्याचें?" हें वाक्य वडील स्त्रियांच्या तोंडीं विशेष असतें. या रोगांत त्याच वाक्यानें सावध व्हावयास हवें.

बधिर पायाचें हें मर्म आपल्या देशांतच उकललें. १९४६ सालीं वेलोरास आलेले शस्त्रवैद्य पॉल ब्रँड यांनीं दाखवून दिलें कीं, कुष्ठरोग्यांचीं बोटें झिजतात तीं मुख्यतः बधिर अवयवास नकळत होणाऱ्या इजांमुळें. पुढें अमेरिकेंत त्यांनीं हेंच ज्ञान मधुमेह्यांच्या पायांस लावलें. कुष्ठरोग्यांसाठीं वापरांत आलेल्या मऊ रबराच्या 'एम. सी. आर.' चपला आज मधुमेह्यांस सांगतात, त्याचें मूळ हेंच.

मोठीं रुग्णालयें सर्वत्र निघणें शक्य नाहीं. म्हणून नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि टांझानियाचे डॉ. अब्बास यांनीं २००४ पासून 'स्टेप बाय स्टेप' नांवाचा उपक्रम चालविला. लहान गांवांतून डॉक्टर व परिचारिका अशी जोडी बोलावून पाय तपासणें, घट्टे काढणें, जखम स्वच्छ करणें हें त्यांस हातानें शिकवावयाचें, अशी ती योजना होती. यंत्रांचा खर्च त्यांत फारसा नाहीं.

एक परीक्षा तर घरींच होते. ती इंग्लंडांतील इप्सविच येथील वैद्यांनीं बसविली. रोग्यानें निजून डोळे मिटावे. दुसऱ्यानें तर्जनीच्या टोंकानें दोन्ही पायांचा अंगठा, मधलें बोट व करंगळी अशा सहा ठिकाणीं, क्रम बदलून, एक-दोन सेकंद अगदीं हलका स्पर्श करावा. दाबूं नये, टोंचूं नये. स्पर्श कळेल तेव्हां रोग्यानें 'उजवा' किंवा 'डावा' म्हणावें. न कळलेल्या बोटास पुन्हां हात लावूं नये. दोन किंवा अधिक ठिकाणीं कळलें नाहीं, तर डॉक्टरांस अवश्य सांगावें. एकत्र कुटुंबांत या कामास माणसांची वाण नाहीं. शाळेंतलीं मुलेंहि तें करूं शकतात.

रोज रात्रीं तळवे व बोटांमधल्या बेचक्या उजेडांत पाहाव्या. वांकवत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा. कढत पाण्यांत पाय शेकूं नयेत. पाण्याची ऊब दुसऱ्यानें पाहावी. कुरूप ब्लेडनें कापूं नये. चैत्र-वैशाखांत देवळाच्या तापल्या फरशीवरून अनवाणी प्रदक्षिणा घातल्यानें तळव्यांस फोड येतात. सकाळीं लवकर जावें, किंवा जाड मोजे घालावे. देव त्यानें रागावेल असें मला वाटत नाहीं. बूट घालण्यापूर्वीं आंत हात फिरवावा. लाली, सूज, दुर्गंधि किंवा काळेपणा दिसला तर हळद भरून चार दिवस वाट पाहूं नये. त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

सरकारी दवाखान्यांत गर्दी फार, आणि डॉक्टर पाय दाखवा म्हणतीलच असा भरंवसा नाहीं. वर्षांतून एकदां तरी आपण होऊन पादत्राणें व मोजे काढून त्यांच्यासमोर बसावें.